चुळीचा तांब्या

समजा, तुम्हाला एक काम दिलं. दुपारी बारा ते तीन या वेळात पस्तीस-चाळीस पुरुष जेवायला येणार. कोणी ट्रकवाला, कोणी कोर्टातला कारकून, कोणी बोअर मारणाऱ्या गाडीवरचा, कोणी नव्या सरकारी इमारतींच्या बांधकामावरचा. सगळे उन्हातून आलेले आणि भुकेले. त्यांना भाकरी, आंबट वरण, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी वाढायची, आणि या तीन तासांत एकाही तोंडातून शिवी बाहेर पडू द्यायची नाही. भांडायचं नाही, ओरडायचं नाही, कोणाला हाकलायचं नाही. गिऱ्हाईक आहे शेवटी. जरा डोळ्यासमोर आणून बघा. मला तर पहिला अर्धा तासही जमला नसता.

पार्वतम्मा हे काम सतरा वर्षं करत होत्या.

त्यांची खानावळ लातुरात गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात होती. जिल्हा नवा झाला, कचेऱ्या आल्या, बाहेरगावचे नोकरदार आले, तशी गर्दी वाढली. मीही त्या गर्दीतलाच. डिप्लोमा करून कनिष्ठ अभियंता म्हणून नुकताच लागलो होतो आणि महिन्याचं जेवण तिथं लावलं होतं. पहिल्याच दिवशी ताटावर बसल्या बसल्या मी साइटवरच्या मुकादमाची गोष्ट सांगायला लागलो आणि बोलता बोलता त्याचीच शिवी माझ्या तोंडून गेली. मला ती गेल्याचं कळलंही नाही. पुढची भाकरी आली नाही तेव्हा मान वर केली. पार्वतम्मा समोर उभ्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, एका हातात भाकरी, दुसऱ्या हाताचं बोट दाराकडं.

शेजारी अण्णाराव बसले होते. कोर्टातले कारकून, दहा वर्षांचे जुने जेवणारे. ते म्हणाले, "उठा इंजनेर. दारात तांब्या हाय. तीन चुळा भरून या. त्याबिगर भाकर न्हाई मिळायची."

दारात लाकडी तिवईवर पितळी तांब्या होता, शेजारी मोरी. मी उठलो, खाली मान घालून तीन चुळा भरल्या आणि परत येऊन बसलो. तेव्हा गरम भाकरी ताटात पडली आणि वर तुपाची धारही.

"बगा," अण्णाराव म्हणाले, "तुपासाठी मी आठवड्यातून एकदा मुद्दाम शिवी देतो."

"तुमचं तूप बंद केलंय मी दोन वर्षाखाली," पार्वतम्मा म्हणाल्या. सगळी पंगत हसली.

ही रीत त्यांच्या वडिलांची. वडील गुरुबसप्पा, उदगीरच्या बाजारात कापडाचं दुकान. पार्वतम्मा सांगायच्या, "आमच्या अप्पाचं एकच म्हणणं. गळ्यात लिंग बांधलंय, त्याच्यावर चार बोटं तोंड हाय. खाली देव आन् वर गटार, चालंल का?"

मला त्या तांब्याचं कौतुक का वाटलं ते सांगतो. दिवसभर मी ज्या माणसांत असायचो त्यांच्या बोलण्याची मला किळस यायला लागली होती. पाण्याची नळी वाकडी बसली की नळीला आईवरून. सिमेंटचं पोतं फाटलं की पोत्याला बहिणीवरून. सख्खा भाऊ भेटायला आला तरी त्याच शब्दानं हाक, मग गळ्यात गळा. एक मुकादम तर आपल्या चार वर्षांच्या पोरीसमोर तिच्याच आईवरून बोलायचा आणि ती पोर ते बोबड्या तोंडानं परत म्हणायची, तेव्हा सगळे टाळ्या पिटायचे. मी हसायचो नाही, पण उठूनही जायचो नाही. संध्याकाळी अंघोळ केली तरी कानात काहीतरी चिकट राहिल्यासारखं वाटायचं. त्या तीन तासांच्या खानावळीत मात्र माणसं माणसांसारखी बोलायची. शिवी ओठावर यायची, तांब्याकडं नजर जायची, आणि माणूस ती भाकरीच्या घासाबरोबर गिळून टाकायचा.

मग दोन वर्षं पाऊस पडला नाही.

नळ आधी दिवसाआड, मग आठवड्यानं, मग बंद. बोळात टँकर यायला लागला. त्या टँकरच्या खेपांच्या पुस्तकावर सही करायचं काम माझ्याकडं आलं. ड्रायव्हर शेषेराव, कंधारकडचा. तिशीतला, धिप्पाड, गळ्यात रुमाल. तो टँकरच्या टपावर उभा राहून पाइप सोडायचा आणि खाली उभ्या बायांना शिव्या द्यायचा. रागानं नाही. नुसत्याच. "ए, तुझ्या मायला, घागर हाल्ली का बग," असं सुरू व्हायचं आणि पुढं जे यायचं ते मला लिहिता येत नाही. बाया खाली मान घालून घागरी पुढं सरकवायच्या. पाणी त्याच्या हातात होतं. मी खाली उभा राहून सगळं ऐकायचो, वेळ टिपायचो आणि सही करायचो.

पार्वतम्मांनी तिवईवरचा तांब्या मात्र हलवला नव्हता. पाणी कमी म्हणून तीन चुळांची एक केली, एवढंच.

नीलाबाई त्यांच्याकडं भाकरी थापायला होत्या. चाळिशीच्या, अबोल. त्या चैत्रात त्यांची आई वारली. तेरावं करून त्या कामावर आल्या आणि दुसऱ्याच दिवशी टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. कोणाचा तरी धक्का लागला, त्यांची कळशी पुढच्या घागरीवर आपटली. वरून शेषेरावनं त्यांना शिवी दिली. नेहमीचीच. नीलाबाईंच्या आईवरून.

नीलाबाईंनी वर बघितलं आणि त्यांच्या हातातून कळशी सुटली. त्या रडल्याही नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.

खानावळीच्या पायरीवर पार्वतम्मा होत्या. त्यांनी ऐकलं. आणि मग त्या पायरीवरून, त्या विभूतीच्या पट्ट्यांच्या तोंडातून, शेषेरावच्या आईवरून तीच शिवी, तशीच्या तशी, पूर्ण, बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात बाहेर पडली.

पाइपातून पाणी पडत होतं तेवढाच आवाज.

शेषेराव टपावर मांडीवर थाप मारून हसला. "आता कसं! आता अम्मा माणसात आली! ए, सरका बाजूला. अम्माचं बॅरल आदी भरा."

बायाही हसल्या. कोणीतरी म्हणालं, "बरं हाणलं अम्मा." पाइप खानावळीच्या बॅरलात गेला आणि बॅरल काठोकाठ भरलं. सतरा दिवसांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून शेषेराव पार्वतम्मांना मान द्यायला लागला. बोळात शिरला की आधी खानावळ. "राम राम अम्मा, किती घालू?" मला हे बघवायचं नाही. जी बाई सतरा वर्षं तोंड सांभाळून राहिली, तिला त्यानं कधी ओळखही दिली नव्हती.

त्याच दुपारी पार्वतम्मांनी तिवईवरचा तांब्या उचलला आणि माळ्यावर टाकला. अण्णाराव हात धुऊन आत आले ते बघतच राहिले.

"अम्मा, तांब्या?"

"आता कोन्त्या तोंडानं बोट दाखवू?" एवढंच बोलून त्या वाढायला वळल्या.

पुढच्या आठ दिवसांत खानावळ इतर खानावळींसारखी झाली. आधी दबक्या आवाजात एक, मग दोन, मग भाकरी कडक आहे म्हणून एक, वरण पातळ आहे म्हणून एक. बोअरच्या गाडीवरची पोरं तर पार्वतम्मांनी दिलेली शिवी त्यांच्याच पंगतीत एकमेकांना ऐकवायची आणि हसायची. "अम्मा स्पेशल," म्हणायची. पार्वतम्मा वाढत राहायच्या. बॅरलमधल्या पाण्यानं गिऱ्हाइकांचा स्वयंपाक व्हायचा, पण स्वतःसाठी त्या मठाच्या आडावरून एक कळशी आणायच्या. पुरायची नाही, तरी तेवढ्यावर राहायच्या.

नीलाबाई एकदा म्हणाल्या, "अम्मा, माज्यासाठी झालं ना ते. आन् पानी तर मिळालं."

"मिळालं. कशाच्या जोरावर मिळालं ते सांग."

नवव्या दिवशी जेवणं उरकल्यावर त्यांनी मला थांबवलं. "इंजनेर, त्या डायवरची आई हाय का जित्ती?"

"का?"

तेव्हा त्यांनी मला अप्पांची गोष्ट सांगितली. त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. गुरुबसप्पांच्या हातून एकदा चूक झाली होती. दुकानात कापडाचा गठ्ठा चिखलात पडला आणि त्यांनी हमालाला आईवरून शिवी दिली. चूळ भरली, पण जेवले नाहीत. म्हणाले, चूळ ही हवेत गेलेल्या शिवीला. ही लागलेली आहे. शिवी हमालाला दिली, पण लागली त्याच्या आईला. त्या बाईनं माझा गठ्ठा पाडला होता का? संध्याकाळी पोरीचा हात धरून ते हमालांच्या वस्तीत गेले आणि हमालाच्या म्हाताऱ्या आईच्या पाया पडले. ती म्हातारी रडली. खूप रडली. मग तिनं अप्पांच्या डोक्यावर हात ठेवला. घरी येऊन अप्पा जेवले.

"तसं माजं जेवन अडलंय," पार्वतम्मा म्हणाल्या. "मला त्या बाईचं पाय धरायचंय. त्याशिवाय तांब्या खाली येत न्हाई."

कचेरीत ड्रायव्हरांच्या लायसनच्या नकला होत्या. शेषेरावचा पत्ता कंधारजवळच्या एका वाडीचा निघाला. मी रविवार धरला.

लातूरहून अहमदपूर, तिथं गाडी बदलून लोहा, पुढं कंधार. पार्वतम्मांनी इरकली लुगडं नेसलं होतं, पिशवीत खण, नारळ आणि शेंगाच्या चटणीचा पुडा. अहमदपूरच्या स्टँडवर पाणपोईचे रांजण उलटे टाकलेले. बाकावर दोन कॉलेजची पोरं भेटली एकमेकांना. एकानं दुसऱ्याला आईवरून हाक मारली, दुसऱ्यानं हसत तीच परत दिली आणि दोघं गळाभेट घेऊन रडवेले झाले. दोन वर्षांनी भेटत होते म्हणे.

पार्वतम्मांनी पदर कानावर घेतला. "भांडनाला बी तीच आन् पिरमाला बी तीच? थू! दुसरं काय शिकलंच न्हाईत का रे हे?"

माझे मित्रही मला तशीच हाक मारतात.

कंधारच्या अलीकडं फाट्यावर उतरलो. वाडी मैलभर. घराला कडी होती. शेजारच्या घरातल्या बाईनं सांगितलं की शेषेरावची आई चतुराबाई रोजगार हमीच्या कामावर गेल्या आहेत, रस्त्याची खडी फोडायला. तशाच उन्हात आम्ही तिकडं गेलो. लिंबाच्या अर्ध्या सावलीत वीस-पंचवीस बाया रांगेनं बसून हातोडीनं दगड फोडत होत्या. विचारल्यावर टोकाची एक बाई उठली. बारीक, काळी, तळहाताला चिंध्या गुंडाळलेल्या. लातूरहून आलो म्हटल्याबरोबर तिच्या हातातली हातोडी खाली पडली.

"काय झालं शेषेरावला? टँकर उलथला का?"

"न्हाई, न्हाई. तो बरा हाय," मी घाईनं म्हणालो. तिचा जीव भांड्यात पडायला वेळ लागला. ती खडीच्या ढिगावरच बसली.

पार्वतम्मांनी पिशवी खाली ठेवली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. चतुराबाईंनी पाय ओढून घेतले.

"अगं माय! काय करून राहिली गं? तूबी म्हातारी, मीबी म्हातारी. कोन तू?"

"मी खानावळवाली. लातूरची. तुमचा लेक आमच्या बोळात पानी आनतो. त्याला मी शिवी दिली."

"दिली आसंल. त्यो हायच तसा."

"तुमच्यावरून दिली."

"माज्यावरून?" चतुराबाईंना कळेना. "मी काय केलं तुजं?"

"तेच तर. काय न्हाई केलं तुमी. म्हनून आले."

आता शेजारच्या बायांच्या हातोड्या थांबल्या होत्या. चतुराबाई पार्वतम्मांच्या तोंडाकडं निरखून बघत होत्या.

"कंची दिली?"

पार्वतम्मांचे ओठ हलले. नाही आलं. पुन्हा प्रयत्न केला, कपाळावर घाम फुटला, विभूती ओघळली. बोळभर ऐकू गेलेला तो शब्द आता दोन हातांवरच्या बाईला सांगता येत नव्हता.

"हीच का?" असं म्हणून चतुराबाईंनी तो स्वतःच उच्चारला. भाजीचं नाव घ्यावं तसा, सरळ.

पार्वतम्मांनी मान हलवली.

आणि चतुराबाई हसल्या. आधी नाकातून, मग मोठ्यानं. ढिगावरची खडी खाली घसरली. त्यांनी शेजारणीला कोपर मारलं. "ए साखरा, ऐकलंस का? ही माय लातूरहून आली, तिकीट काढून! माज्यावरून शिवी गेली म्हनून!" साखराबाई हसली, तिच्या पलीकडची हसली, सगळी रांग हसायला लागली. एकजण म्हणाली, "आता आमच्यावरून देनाऱ्यांनी यायचं म्हनलं तर यस्टी पुरायची न्हाई गं!" पुन्हा हशा. पार्वतम्मा मधोमध उभ्या होत्या, हातात खण आणि नारळ.

हसू ओसरलं. चतुराबाईंनी डोळे पुसले. मग सहज, घसरलेली खडी परत ढिगावर ओढत म्हणाल्या, "माय, ही तर त्यो मलाच देतो. घरी आला आन् भाकर कडक झाली की."

मला ते कळायला एक क्षण लागला. आईच्या तोंडावर, आईवरूनच. आणि ती ते सांगत होती उन्हाळा लांबला म्हणावं तसं.

"तुमी काय म्हनता मग त्याला?" पार्वतम्मांनी विचारलं.

"काय म्हनू? दुसरी भाकर टाकते."

त्यांनी खण ठेवून घेतला, नारळ ठेवून घेतला. लिंबाखाली त्यांचं मडकं होतं, दिवसभराचं पाणी. त्यातून तांब्याभर काढून त्यांनी पार्वतम्मांपुढं धरला. "घे. तोंड वाळलंय तुजं."

पार्वतम्मा तांब्या धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता चूळ भरतील. पण ते दगड फोडणाऱ्या बाईचं दिवसाचं पाणी होतं, ते मातीत कसं थुंकणार? आणि तसल्या तोंडानं प्यायचं तरी कसं? शेवटी त्यांनी एक घोट घेतला आणि तांब्या परत केला. तोपर्यंत मुकादमाची हाक आली होती, बायांना उद्देशून, त्याच शब्दात. हातोड्या सुरू झाल्या. चतुराबाईही बसल्या.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही लातूरला परतलो.

सोमवारी टँकर आला तेव्हा मी शेषेरावला सांगितलं की तुझ्या आईला भेटून आलो, अम्मा पाया पडायला गेल्या होत्या. तो पाइप हातात धरून थांबला. मला वाटलं, याला कुठंतरी लागलं. मग तो म्हणाला, "म्हातारीला काम न्हाई का, चार लोकांत हसं करती, तिच्या मायला," आणि पुढचं सगळं. या वेळी आजीवरून. मी खेपांच्या पुस्तकावर सही केली नाही. तक्रार लिहून साहेबांकडं नेली. साहेबांनी ती वाचली आणि आमच्या खात्यावरून जी शिवी दिली ती शेषेरावलाही येत नसेल. दोन आठवड्यांनी त्याला दुसऱ्या बोळावर टाकलं. तिथल्या बायांना तो काय म्हणत असेल ते मला माहीत आहे.

पुढं पाऊस आला, नळ आले. माझी बदली धर्माबादला झाली. लातूरला काम निघालं की मी अजूनही त्या खानावळीत जेवतो. पंगत भरलेली असते, आवाज असतो, आणि त्या आवाजात सगळं असतं. पार्वतम्मा आता खुर्चीवर बसून दुसऱ्यांना वाढायला सांगतात. तांब्या माळ्यावरच आहे. मागच्या खेपेला मी तो मान वर करून बघत होतो, तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं.

"काढू का खाली?" मी विचारलं. "अम्मा, तुम्ही जाऊन आलात. पाया पडलात. अप्पांनीही एवढंच केलं होतं."

"अप्पाच्या वेळंला ती म्हातारी रडली, इंजनेर. रडून डोक्यावर हात ठेवली. ही न्हाई रडली. माफ केलं म्हनली न्हाई, न्हाई केलं बी म्हनली न्हाई. आपलं घोटभर पानी दिली मला."

त्यांनी माझ्या ताटात भाकरी टाकायला सांगितली. पलीकडं कोणीतरी मीठ मागताना आईवरून बोललं. पार्वतम्मांचं बोट उठलं, दाराकडं अर्धं वळलं आणि परत मांडीवर आलं.

"तू शिकलेला हायस, कुटं कुटं फिरतोस, मानसं बगतोस. मला एवढं सांग. ती हसली कामून?"